फिर्यादीत नसलेलं नाव

जानकीबाई गर्जे माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या, तेव्हा समोर तहसीलच्या फाटकापाशी पारधी बायका धरणं धरून बसल्या होत्या. धरण्याचा दुसरा दिवस होता. माझं दुकान म्हणजे एक गाळा. एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर आणि बाहेर बाकडं. सतरा वर्षं मी लोकांचे अर्ज टाईप करते. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, वारसाची नोंद. जानकीबाईंनी जे विचारलं ते मला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

"बाई, पोलिसानं लिव्हलेला कागद खोडायचा आसंल तर कसा अर्ज करत्यात?"

बावन्न-त्रेपन्न वय. उसाच्या पाचटानं चिरून चिरून काळे पडलेले हात. पदरात गुंडाळलेला एक कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. फिर्यादीची नक्कल होती. खाली वाकडीतिकडी सही : जानकी आश्रुबा गर्जे.

"चौथीपातुर शिकले मी. सही येती. पन हे गिचमीड वाचता येत न्हाई. वाचून दाव."

मी वाचलं. दोन बोकड आणि एक गाभण शेळी, राहत्या घराच्या गोठ्यातून, भरदिवसा चोरीला गेल्याची तक्रार होती. त्यात शेवटी वाक्य होतं, 'सदर चोरी ही बजरंग काळे, राहणार पारधी वस्ती, याने केल्याचा माझा पक्का संशय आहे.'

जानकीबाई बाकड्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्या हे नाव घेतलंच न्हाई."

समोर फाटकापाशी ज्या बायका बसल्या होत्या त्यांच्या मधोमध बजरंगची बायको शेवंता होती. बजरंगचं प्रेत सरकारी दवाखान्यात ठेवलेलं होतं आणि गुन्हा नोंदवल्याशिवाय ते ताब्यात घेणार नाही म्हणून ती उन्हात बसली होती.

झालं होतं असं. ऑगस्ट महिना, उडीद काढायचे दिवस. जानकीबाई आणि त्यांचे मालक आश्रुबा दिवाळीनंतर ऊस तोडायला जाणारे. पावसाळ्यात गावात दीड एकर रान आणि चार शेळ्या. त्या दिवशी दोघं रानात होते. संध्याकाळी घरी आले तर गोठ्यात एकच शेळी उरलेली. दुसऱ्या दिवशी जानकीबाई एकट्याच ठाण्यात गेल्या. आश्रुबा म्हणाले होते, "शेळ्या काय येत न्हाईत माघारी, उगं चकरा मारशील." पण त्या गेल्या. शेळ्या त्यांनी लेकरांसारख्या वाढवल्या होत्या, आणि ठाण्यात त्यांचा पुतण्या आदिनाथ शिपाई होता. आपलं माणूस आहे, लिहून तरी घेतील, एवढाच त्यांचा हिशेब.

आदिनाथनं चहा पाजला. केबिनीतून फौजदार मोठ्यानं हुकूम सोडत होता. जमादारानं लिहून घेतलं. कुणावर संशय आहे का, असं विचारलं तेव्हा जानकीबाई म्हणाल्या, न्हाई. सही केली आणि घरी आल्या.

दोन दिवसांनी आदिनाथ मोटारसायकलवर आला. "काकी, चल. चोर घावला. वळखायला बोलावलंय साहेबांनी."

ठाण्यात त्यांना व्हरांड्यात बसवलं. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत बजरंग जमिनीवर पालथा होता. जमादाराच्या हातात रबरी पट्टा. आणि बजरंगचे पाय धरून बसला होता आदिनाथ.

"मी दारात उभी ऱ्हायले," जानकीबाईंनी मला सांगितलं. "म्हनलं, आरं ह्यो न्हाई. ज्या दिवशी शेळ्या गेल्या त्या दिवशी ह्यो आमच्या बांधाला बांध लागून उडीद उपटीत व्हता. सकाळपासून दिवस मावळंस्तवर माझ्या डोळ्यांपुढं व्हता. माझ्याच घागरीतलं पानी पिला. जमादार म्हनला, म्हातारे, तुला काय कळतंय, ह्यांची जातच चोराची. तेवढ्यात आतल्या केबिनीतून फौजदाराचा आवाज आला, 'कबूल होईस्तवर थांबू नका.' बजरंगनं मान वळवून माझ्याकडं पाह्यलं. म्हनला, आक्का, सांग ना ह्यांना. म्या सांगितलं. परत सांगितलं. मंग आदिनाथ उठला, माझ्या खांद्याला धरलं अन् मला फाटकाबाहेर आनून सोडलं."

"मग?"

"मंग काय. घरी आले. भाकरी टाकल्या. जेवले बी."

हे शेवटचं त्या पुढंही अनेकांना सांगत राहिल्या, न विचारता. जेवले बी. जणू कुणी त्यांच्यावर तोच एक आरोप ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात बातमी आली की बजरंग काळे ठाण्यातून पळताना पडला आणि छातीत कळ येऊन मेला. आणि ठाण्यातून सांगितलं गेलं की फिर्यादी बाईनंच त्याचं नाव घेतलं होतं.

मी त्यांचं प्रतिज्ञापत्र टाईप केलं. जे पाहिलं ते, त्यांच्याच शब्दांत, फक्त थोडं सरळ करून. आदिनाथच्या नावापाशी मी थांबले.

"मावशी, हे नाव टाकायचं का? दिराचा मुलगा आहे तुमच्या."

"त्यानं पाय धरले व्हते का न्हाई?"

"तुम्हीच सांगितलं."

"मंग लिव्ह."

कागद घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या. मी दुकानातून बघत होते. बायकांमध्ये कुजबुज झाली आणि शेवंता एकदम उठून उभी राहिली. "हीच ती शेळीवाली!" एवढंच मला ऐकू आलं. तिनं जानकीबाईंच्या तोंडात मारली. जानकीबाईंचा पदर खाली पडला, तो त्यांनी उचलून डोक्यावर घेतला. शेवंतानं दुसऱ्यांदा हात उचलला तोवर वर्षाराणी मध्ये आली. वर्षाराणी तालुक्यातली वकील. बार रूममध्ये तिला बसायला टेबलही नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून ती या बायकांबरोबर होती. तिनं प्रतिज्ञापत्र तिथंच उभ्यानं मोठ्यानं वाचलं. जानकीबाई धरण्याच्या कडेला, इतरांपासून चार हात लांब, फुफाट्यात मांडी घालून बसल्या. शेवंता त्यांच्याकडे पाठ करून बसली.

चौथ्या दिवशी गुन्हा नोंदला गेला. खून आणि ॲट्रॉसिटी. फौजदार, जमादार आणि शिपाई आदिनाथ. तपास सीआयडीकडे गेला. शेवंतानं प्रेत ताब्यात घेतलं. जानकीबाई मातीला गेल्या नाहीत. कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जायला त्यांना तोंड नव्हतं.

गावात परतल्यावर खरी सुरुवात झाली.

आदिनाथची आई तुळजाबाई ही जानकीबाईंची थोरली जाऊ. बाळंतपणानंतर ती सहा महिने अंथरुणाला होती, तेव्हा आदिनाथला जानकीबाईंनीच सांभाळलेलं. तुळजाबाई एका दुपारी आली, उंबऱ्यावर बसली आणि तिनं पदर पसरला.

"जानके, तुझ्या कडेवर वाढलंय ते. तू सांगितलंस तर सुटंल. कागदात लिव्ह का चुकून नाव गेलं."

"चुकून न्हाई गेलं, बाई."

"एका पारध्यापायी घरचं पोरगं फासावर देतीस व्हय?"

"फाशी न्हाई देत कुनी."

"नोकरी तर जाईल. घर तर बसंल." तुळजाबाई रडली, मग शिव्या दिल्या, मग परत रडली. जाताना म्हणाली, "तुझ्या दारात पानी बी पिनार न्हाई कवा."

तिनं शब्द पाळला. भाऊकीनंही पाळला. त्या दिवाळीत जानकीबाईंच्या घरी कुणी आलं नाही. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आश्रुबांना म्हणाला, "अवंदा दुसरी जोडी बघितली. तुमच्या मंडळींचं कोर्टकचेरीचं काय नाय सांगता येत." पंधरा वर्षं एका टोळीत तोडणी केलेली माणसं ट्रॅक्टरवर बसून माजलगावकडे निघून गेली आणि नवरा-बायको गावात राहिले.

आश्रुबा मुळात अबोल माणूस. बायकोला त्यांनी एकदाच विचारलं, "तू जे म्हनतीस ते डोळ्यांनी पाह्यलंस?" ती हो म्हणाली. "मंग सांग. पन मला तिथं बोलावू नको. मला बोलता येत न्हाई." त्यानंतर या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि तिला अडवलंही नाही.

अडवलं ते मुलानं. भागवत तेव्हा बावीस वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे कडा गावाच्या रस्त्यावर पाच किलोमीटर धावणं, गोळाफेक, दुपारी अभ्यासिका. आदिनाथनंच त्याला या नादाला लावलेलं. पहिले बूटही त्यानंच आणून दिलेले.

"माय, तुला कळतंय का तू काय केलंस? मी पोलिसात जाणार अन् तू पोलिसावर साक्ष देनार?"

"तू पोलीस झालास तर कुनाचे पाय धरून बसनार हाईस का?"

"सगळे तसे नसत्यात!"

"मी कुठं म्हनले सगळे?"

तो घर सोडून मित्राच्या खोलीवर राहायला गेला, पण धावणं सोडलं नाही.

गुन्हा नोंदून तीन महिने झाले तरी अटक कुणालाच झाली नव्हती. आरोपी 'फरार' होते आणि त्यातला एक गावात लग्नाला जेवून गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. ठाण्यातला कॅमेरा त्या दिवशी बंद होता, असं लेखी उत्तर माहितीच्या अधिकारात मिळालं. तो अर्जही मीच टाईप केलेला. वर्षाराणीनं ठरवलं, पायी बीडला जायचं, कलेक्टर कचेरीवर. साठ-सत्तर माणसं निघाली. बहुतेक पारधी वस्त्यांवरची, थोडी कॉलेजची मुलं, दोन निवृत्त मास्तर. गर्जे भाऊकीतली एकटी जानकीबाई.

त्या मोर्च्यात मी पाटोद्यापासून पुढे होते. दुकान बंद ठेवून गेले, का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. शेवंता पुढे, हातात बजरंगचा फोटो. जानकीबाई मागच्या रांगेत. चालताना दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका ठिकाणी सावलीला बसलो तेव्हा शेवंता आपणहून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"तू त्या दिवशी घरी गेलीस. रस्त्यात वरडली का न्हाईस? लोक गोळा झाले असते. वाचला असता त्यो."

जानकीबाईंनी मान खाली घातली. "भ्याले."

"कुनाला?"

"सुचलंच न्हाई मला. खोटं कशाला सांगू."

शेवंता परत आपल्या जागी जाऊन बसली.

मांजरसुंब्याच्या चौकात पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. जमावबंदी आहे, पुढे जाता येणार नाही, म्हणाले. वर्षाराणीनं परवानगीच्या अर्जाची पोच दाखवली. कुणी बघितली नाही. बायका रस्त्यावर बसल्या तसं त्यांना उचलून गाडीत कोंबायला सुरुवात झाली. ढाब्यांवरचे ड्रायव्हर चहाचे ग्लास हातात धरून बघत होते, काही जण मोबाईलवर शूटिंग करत होते. जानकीबाईंचा हात गाडीच्या दारात सापडला. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या.

आणि त्याच वेळी गर्दीतून भागवत धावत आला. आईला घरी न्यायला तो मोटारसायकलवर आला होता. आश्रुबांनी पाठवलं होतं. त्यानं हात चेचलेला बघितला आणि जो शिपाई तिला वर ओढत होता त्याचं मनगट धरलं.

"हात सोड माझ्या मायचा!"

एवढंच. मारलं नाही, ढकललं नाही. मी तिथून दहा पावलांवर होते. पण फिर्यादीत आलं की त्यानं शिपायाची गचांडी धरली, शिवीगाळ केली, सरकारी कामात अडथळा आणला. इतर एकोणीस जणांबरोबर त्याचं नाव गुन्ह्यात गेलं.

चार महिन्यांनी भरती निघाली. भागवत मैदानी परीक्षेत तालुक्यातल्या मुलांत पहिला होता. लेखीतही पास झाला. चारित्र्य पडताळणीत नाव खोडलं गेलं. ते पत्र घेऊन तो माझ्याच दुकानात आला होता, अपील कसं करतात विचारायला. मी टाईप करून दिलं. त्याचं काही झालं नाही. तो चाकणला कंपनीत लागला. वर्षभर त्यानं आईला फोन केला नाही, बापाला करायचा.

जानकीबाईंची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. कोयता धरता येईना. शेजारच्या रानात खुरपायला जायच्या, डाव्या हातानं.

मोर्च्याच्या व्हिडिओंचा मात्र परिणाम झाला. बायकांना फरफटत नेताना लोकांनी पाहिलं, मुंबईहून विचारणा झाली आणि महिन्याभरात तिन्ही आरोपींना अटक झाली. सहा महिन्यांनी जामीनही झाला. मग तारखा. प्रत्येक तारखेला जानकीबाई पहिल्या एसटीनं यायच्या आणि कोर्टाच्या आवारात जमिनीवर बसून राहायच्या. तारखा पडत राहिल्या. त्या काळात सुंदरराव, म्हणजे आमच्या भागातले पुढारी, एकदा कोर्टाबाहेर गाडी थांबवून त्यांच्याशी बोलले. "जानकीबाई, आदिनाथ आपला पोरगा आहे. मोठ्या साहेबांवर काय बोलायचं ते बोला. त्याला तेवढं सोडा." म्हणजे काय करायचं, असं जानकीबाईंनी विचारलं. "पाय दुसऱ्यानं धरले म्हणा." जानकीबाई म्हणाल्या, "दुसरा कोन व्हता तिथं?" सुंदररावांनी काच वर केली.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी वर्षाराणीनं जानकीबाईंना आणि शेवंताला माझ्या दुकानात बसवलं होतं. तिचं ऑफिस म्हणजे तेव्हा माझाच गाळा. काय विचारतील, कसं विचारतील ते ती समजावत होती. फौजदाराबद्दल ती म्हणाली, "मावशी, तुम्ही त्याचा आवाज ऐकला. त्याला पाहिलं नाही. तो त्या वेळी ठाण्यात नव्हताच असं त्याचं म्हणणं आहे. इथंच ते आपल्याला पकडणार."

शेवंता म्हणाली, "मंग पाह्यलं म्हन. दारातून दिसला म्हन."

वर्षाराणी हातातले कागद चाळत राहिली. वकिलानं असं सांगायचं नसतं, आणि अडवावं असंही तिला वाटत नसावं. मलाही वाटत नव्हतं, हे मी कबूल करते.

"आवाज त्याचाच व्हता," जानकीबाई म्हणाल्या. "पन दिसला न्हाई."

"त्यांनी तुझ्या नावानं खोटं लिव्हलं त्ये चाललं. तू एवढं एक बोललीस तर काय व्हईल? ज्यानं मारायला लावलं त्योच सुटंल. आगं माझा मानूस गेलाय!"

"ठावं हाय."

"मंग?"

"शेवंता, माझ्या नावावर येकदा खोटं लिव्हलं अन् तुझा मानूस गेला. दुसऱ्यांदा मी माझ्या तोंडानं कसं बोलू?"

शेवंता उठून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जानकीबाई साडेतीन तास पिंजऱ्यात उभ्या होत्या. बसायला स्टूल देऊ केला तर नको म्हणाल्या. आदिनाथ समोर होता, तुळजाबाई मागच्या बाकावर. पट्टा कुणाच्या हातात होता, पाय कुणी धरले, बजरंग काय म्हणाला, सगळं त्यांनी सांगितलं. आदिनाथकडे बोट करताना त्यांचा वाकडा हात वर झाला आणि आवाज एकदाच फाटला. मग फौजदाराच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही साहेबांना त्या दिवशी ठाण्यात पाहिलं का? फक्त हो किंवा नाही."

"न्हाई. आवाज ऐकला."

"पाहिलं का?"

"न्हाई."

वकील खाली बसला.

निकाल लागला यंदाच्या उन्हाळ्यात. जमादार आणि आदिनाथला सदोष मनुष्यवधासाठी सात-सात वर्षं. फौजदार पुराव्याअभावी निर्दोष. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, बढतीवर. आदिनाथला पोलिसांच्या गाडीत चढवताना तुळजाबाई गाडीमागे धावली. जानकीबाई आवाराच्या भिंतीला धरून उभ्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

शेवंता त्या दिवशी त्यांच्याकडे न बघता गेली. पंधरा दिवसांनी मात्र ती माझ्या दुकानात आली. फौजदाराविरुद्ध हायकोर्टात अपील करायचं होतं. अपिलाच्या कागदांसोबत साक्षीदाराच्या जबाबाच्या नकला लागत होत्या आणि तो जबाब जानकीबाईंकडे होता. "तिला फोन लाव," म्हणाली. मी लावला. जानकीबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आल्या. दोघी बाकड्याच्या दोन टोकांना बसल्या आणि मी झेरॉक्स काढत राहिले. बोलण्यासारखं त्यांच्यात अजूनही फार काही नाही. शेवंतानं त्यांना माफ केलंय असं मला वाटत नाही. जानकीबाईंनी तशी माफी मागितलेलीही नाही.

गेल्या महिन्यात पलीकडच्या वस्तीवरच्या एका माणसाला मोटार चोरीच्या संशयावरून सकाळी उचललं. पंपाची मोटार, एका विहिरीवरची. त्याच्या बायकोनं शेवंताला फोन केला, शेवंतानं मला, मी वर्षाराणीला. वर्षाराणी औरंगाबादला होती. आम्ही काय करावं याचा विचार करत होतो तोवर जानकीबाई ठाण्यात पोचल्यासुद्धा होत्या. कुणी कळवलं कोण जाणे. मी गेले तेव्हा त्या दारासमोरच्या फरशीवर बसल्या होत्या आणि नवा जमादार त्यांच्यापुढे उभा होता.

"बाई, तुमचं काय काम हाय इथं?"

"काम न्हाई. बसले."

"कोन लागतो तो तुमचा?"

"कुनी न्हाई."

"मंग कावून बसलात?"

"तुमचं चालू द्या. मी बगते नुसती."

जमादारानं आत जाऊन फोन केला. बाहेर आला, परत आत गेला. दुपारी शेवंता आली, मग वस्तीवरच्या आठ-दहा बायका. साडेपाचला त्या माणसाला सोडलं. तो बाहेर आला तेव्हा लंगडत होता आणि सदऱ्याच्या पाठीवर रक्ताची ओल उमटली होती. त्याला वर्षाराणीच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, जखमांची नोंद करून घेतली. एवढं होईस्तोवर गावाकडची शेवटची एसटी निघून गेली. जानकीबाई माझ्या घरी मुक्कामाला राहिल्या आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर मला म्हणाल्या, "मोहिनी, त्या मानसाचा जबाब आज टाईप कर. उद्या त्यो भिईल."